लघवीची नळी किती दिवस?

दिंडोशीच्या चढावर रुग्णाला रिक्षातून नेताना नातेवाईक लघवीची पिशवी सर्रास त्याच्या मांडीवर ठेवतात. पिशवी वर गेली की साचलेली लघवी उलटी मूत्राशयात जाऊ शकते, सोबत जंतूही. ती कमरेखाली हवी, पण जमिनीला टेकू नये.

खरा दोष मात्र नळी रेंगाळण्यात आहे. ती आत असेपर्यंत दररोज शेकडा ३ ते ७ रुग्णांच्या लघवीत नव्याने जंतू शिरतात, महिनाभरात बहुतेकांच्याच. तरीही केवळ चादर ओली होऊ नये म्हणून नळी ठेवली जाते! हे आम्हाला मुळीच पटत नाही. ताप वा अन्य त्रास नसताना नुसत्या जंतूंसाठी प्रतिजैविके देण्यातही सहसा अर्थ नसतो. डॉक्टर फेरीला आले की रोज विचारा, "नळी आज काढता येईल का?" स्वतः मात्र ओढू नका, आत पाण्याने फुगवलेला फुगा असतो.