गॅरेजात आली की चालू होते

साखर कारखान्यांची धुराडी पेटली, पहाटे गारवा आला की बारामती-इंदापूरच्या गॅरेजांत एक तक्रार वाढते: "सकाळी चालूच होत नव्हती हो, आता होतेय." गाडी दारात, गिऱ्हाईक ओशाळलेलं. आपण सेल्फ मारतो आणि इंजिन पहिल्या झटक्यात उठतं. पुढे बहुतेक ठिकाणी बॅटरी बदलली जाते. गाडी परत येते, मग सेल्फ उतरतो, मग पंप. तिसऱ्या खेपेला गिऱ्हाईक पुणं गाठतं, आणि त्याला दोष देता येत नाही.

दोष हजर नसताना पार्ट बदलू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्या वेळी आधी विचारायचं असतं. सेल्फ फिरतच नाही, की फिरतो पण इंजिन उठत नाही? फिरत नसेल तर 'कट' असा आवाज येतो, की काहीच नाही? दिवे मंद होतात? डॅशबोर्डवर किल्लीचं चिन्ह लुकलुकतं? गाडी रात्रभर उभी होती, की लांबून येऊन थांबलेली?

शेवटचा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो. फ्लेमिंगो बघायला पुण्याहून शंभरेक किलोमीटर पळून भिगवणला आलेली गाडी चहाला थांबते. दहा मिनिटांनी सेल्फ जोमात फिरतो, इंजिन उठत नाही. तासाभरानं कुणी हात न लावता उठतं. इथं बॅटरीकडे वळण्याचं कारणच नाही. पहिला संशय क्रँक सेन्सरवर घ्यावा. तापल्यावर त्याचा आतला जोड सुटतो, निवल्यावर जुळतो. सेल्फ फिरताना स्कॅनरवर आरपीएम शून्यच राहिला, तर सेन्सर किंवा त्याची वायर धरा. कोड मात्र सापडेलच असं नाही.

सेल्फच फिरत नसेल तर मीटर काढा. भरलेली बॅटरी उभ्या गाडीत 12.6 व्होल्ट दाखवते, पण खरी परीक्षा सेल्फ मारताना, तेव्हा 9.6 च्या खाली गेली तर बॅटरी चार्ज करून लोडवर तपासा. ती टिकूनही सेल्फ सुस्त असेल, तर एक पिन बॅटरीच्या मायनस खांबावर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवून सेल्फ मारायला सांगा. 0.2 व्होल्टच्या वर आकडा गेला की अर्थ खराब. प्लसच्या खांबापासून सेल्फच्या बोल्टपर्यंत असंच मोजा, तिथं 0.5 पर्यंत चालतं. बझर लावून केबल तपासण्याची सवय मात्र सोडाच. केबलमधली एकच तार शिल्लक असली तरी बझर वाजतो. सेल्फला शेकडो अँपिअर लागतात. पाटाच्या चिखलातून रोज जाणाऱ्या गाडीचा अर्थचा बोल्ट वरून चकचकीत दिसला तरी खोलून घासावा.

आपल्याकडच्या सीएनजी गाड्यांचं दुखणं वेगळं. त्यातल्या बहुतेक पेट्रोलवर चालू होतात आणि मग गॅसवर जातात. पेट्रोल वाचवायचं म्हणून मालक काटा कायम तळाशी ठेवतो. टाकीतला पंप पेट्रोलमुळेच थंड राहतो. कोरडा पडला की त्याचे कार्बन झिजतात आणि तो कधी फिरतो, कधी अडतो. टाकीला खालून हलकी थाप मारल्यावर गाडी उठली तर पंप संपत आलाय. (थाप हा इलाज नव्हे, हे गिऱ्हाईकाला जरूर सांगा, नाहीतर ते वर्षभर थापाच मारत बसेल.) गाडी कोणतीही असो, शेजारचा ऊस तुटला की उंदीर वस्तीकडे वळतात. वायरिंग कुरतडलंय का, हेही बघा.

एवढं करूनही दोष दिसला नाही तर गाडी रात्रभर ठेवून घ्या आणि पहाटेचा पहिला सेल्फ मीटर लावून स्वतः मारा. ते जमत नसेल तर गिऱ्हाईकाला पुढच्या वेळी मोबाइलवर आवाज आणि दिव्यांचं चित्रण करायला सांगा. आणि या वेळेचे पैसे घ्या. बिलात 'तपासणी' ही ओळ लिहायला आपण लाजतो, मग तोच खर्च नको असलेल्या बॅटरीतून वसूल होतो. तपासणीची मजुरी किती, हे बॉनेट उघडण्याआधी सांगितलं तर घासाघीस होईल. ती होऊ द्या.