नाइट संपवून घरी आल्यावर

नरक चतुर्दशीच्या पहाटे घरोघरी उटण्याचा वास दरवळत असतो, तेव्हा सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत फटाक्याने भाजलेला हात येऊन पोहोचलेला असतो. सिस्टर ड्रेसिंगचा ट्रे मांडते, रेसिडेंट डॉक्टर जखम धुतो, मावशी लादी पुसतात. तिघांच्याही घरी अभ्यंगस्नानाचे पाणी तापलेले असते. ती आंघोळ कधी दुपारी होते, कधी होतच नाही.

या तिघांची वाट पाहणाऱ्या घरांसाठी यंदाच्या अंकातला विशेष विभाग आहे. रुग्णसेवेतल्या माणसांविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले. नाइट संपवून आलेल्या माणसाला दार उघडणाऱ्या आई, नवरा, बायको, सासू, भाऊ यांच्याविषयी फार थोडे. आपले माणूस आतून खचत चालले आहे, हे बहुधा त्यांनाच आधी दिसते. दिसल्यावर काय करावे, हे मात्र त्यांना कोणी सांगितलेले नसते.

या खचण्याला नाव मिळाले तेही दवाखान्यातच. न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात काम करणारे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये तिथल्या कार्यकर्त्यांची अवस्था मांडताना ‘बर्नआउट’ हा शब्द वापरला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याच्या तीन खुणा सांगितल्या: अंगातले त्राण संपणे, कामावरून मन उडणे किंवा त्याविषयी कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटू लागणे. संघटना याला आजार म्हणत नाही; कामाच्या ठिकाणच्या, वेळेवर न आवरलेल्या ताणाचा हा परिणाम आहे. म्हणूनच ‘तू फार हळवी आहेस’ हे वाक्य आधी घरातून जायला हवे.

ताण किती आहे, याचा अंदाज राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने २०२४ मध्ये दिलेल्या अहवालातून येतो. त्यासाठीच्या ऑनलाइन पाहणीत पदवीचे २५,५९० आणि पदव्युत्तर शिक्षणाचे ५,३३७ विद्यार्थी सहभागी झाले. पदवीच्या २७.८ टक्के आणि पदव्युत्तरच्या १५.३ टक्के विद्यार्थ्यांनी आपल्याला मानसिक आजार असल्याचे नोंदवले. पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी ४५ टक्के आठवड्याला ६० तासांहून अधिक काम करत होते. रेसिडेंटचे काम आठवड्याला ७४ तासांच्या आत असावे आणि एक दिवस सुट्टी मिळावी, अशी शिफारस दलाला करावी लागली.

ही मर्यादा घरच्यांच्या हातात नाही. मग घराच्या हातात काय आहे?

याचे उत्तर आपल्याच इतिहासात सापडते. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये वैद्यक शिकायला अमेरिकेला निघाल्या, त्याआधी काही वर्षे न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार सुरू होता. कार्पेंटर डॉक्टर नव्हत्या. त्यांनी पत्रांना उत्तरे दिली, परक्या देशात उतरलेल्या मुलीला स्वतःच्या घरी ठेवून घेतले, फिलाडेल्फियाच्या कॉलेजात पोहोचवले. आनंदीबाईंनी त्यांना मावशी मानले. १८८६ मध्ये पदवी मिळवून परतलेल्या आनंदीबाई पुढच्याच वर्षी, वयाच्या २१व्या वर्षी वारल्या. त्यांच्या अस्थी या मावशीकडे पाठवल्या गेल्या आणि न्यूयॉर्क राज्यात पकिप्सी इथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या. वैद्यकाचे ज्ञान नसलेले माणूस डॉक्टरच्या किती उपयोगी पडू शकते, याचा हा पुरावा आहे.

आजच्या घरातली मावशीपणाची कामे साधीच आहेत. नाइटहून आलेल्याची दिवसाची झोप ही रात्रीची झोपच समजायची: खोलीला जाड पडदा, कुकरच्या शिट्ट्या उशिरा, पाहुण्यांना संध्याकाळची वेळ. सलग १७ तास जागे राहिल्यावर हात आणि लक्ष थोडी दारू प्यायलेल्या माणसासारखे चालतात, असे १९९७ च्या एका प्रयोगात आढळले होते. त्यामुळे लांबलेल्या ड्यूटीनंतर दुचाकीवर एकटे येऊ देण्यापेक्षा घरच्या कुणी आणायला जावे, हे लाड नव्हेत. आणि सुट्टीच्या दिवशी मामाच्या साडूचे रक्ताचे रिपोर्ट मोबाइलवर पुढे सरकवू नयेत. डॉक्टर, नर्स, गावातल्या आशाताई, सगळ्यांनाच हा त्रास आहे.

बोलणे अधिक नाजूक. दारातच ‘आज काय झाले?’ विचारले की उत्तर ‘काही नाही’ असे येते. आधी चहा, मग शांतता, मग वाटल्यास एकच प्रश्न: नुसते ऐकून घेऊ, की काही सुचवू? रुग्णाचे नाव-गाव विचारायचे नाही; ते न सांगणे हा आपल्या माणसाच्या पेशाचा धर्म आहे. एखादा रुग्ण हातातून गेला किंवा चूक घडली, तर त्या आघाताने ते माणूसही जखमी होते. डॉ. अल्बर्ट वू यांनी २००० मध्ये अशा डॉक्टर-परिचारिकांना ‘दुसरा बळी’ म्हटले. त्या रात्री ‘तुझी चूक नव्हतीच’ अशी घाईची समजूत उपयोगी पडत नाही. शेजारी बसणे उपयोगी पडते.

काही खुणा मात्र थांबून पाहण्यासारख्या नसतात. सुट्टीतही झोप न येणे, जेवण तुटणे, स्वतःच स्वतःला झोपेच्या गोळ्या लिहून घेणे, आपण नसलो तर बरे अशी भाषा. तेव्हा ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उलट बोलायची वाट मोकळी होते. डॉक्टरलाही डॉक्टर लागतो, आणि तो घरच्यांनी सोबत जाऊन गाठून द्यावा लागतो. न्यूयॉर्कच्या आपत्कालीन विभागातल्या डॉ. लॉर्ना ब्रीन यांनी एप्रिल २०२० मध्ये जीवन संपवले. मदत घेतली तर कारकीर्द जाईल, ही भीती त्यांच्या मनात होती, असे त्यांच्या कुटुंबाने नंतर जगाला सांगितले. त्या कुटुंबाच्या पाठपुराव्याने २०२२ मध्ये अमेरिकेत त्यांच्या नावाचा कायदा झाला. अशी भीती इथेही आहे, आणि ती आधी घरात मोडावी लागेल.

घराने रुग्णालयाची कसर भरून काढावी, असे या अंकाचे म्हणणे नाही. मनुष्यबळ, सुरक्षितता, विश्रांतीची खोली, साप्ताहिक सुट्टी ही शासनाची आणि व्यवस्थापनाची जबाबदारी आहे, आणि ती मागताना घरच्यांनीही सोबत उभे राहावे.

वाचकांनी यंदा एवढे करावे. लक्ष्मीपूजनाच्या रात्री ज्यांची ड्यूटी आहे, त्यांच्यासाठी फराळाचे ताट झाकून ठेवावे, आणि भाऊबीज त्यांच्या सुट्टीच्या दिवशी करावी, मग ती चार दिवसांनी का असेना. आणि घरातल्या फोनमध्ये ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक जपून ठेवावा. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या या सरकारी सेवेवर दिवसरात्र, मराठीतूनही, मोफत बोलता येते, घरच्यांनाही.