लिनक्सवर सॉफ्टवेअर टाकताना ‘अनमेट डिपेंडन्सीज’ का येतं? आणि तेव्हा कुठली एक चूक करायची नाही?

नोव्हेंबर २०२१ ची गोष्ट. कॅनडाचे लायनस सेबास्टियन म्हणजे यूट्यूबवर कॉम्प्युटरबद्दल बोलणारं फार मोठं नाव. त्यांनी ठरवलं, घरच्या कॉम्प्युटरवरून विंडोज काढायचं आणि लिनक्स वापरून बघायचं. पॉप ओएस नावाचं लिनक्स टाकलं. आता गेम खेळायला ‘स्टीम’ हवं, म्हणून ते टाकायला घेतलं.

सॉफ्टवेअर मिळण्याच्या खिडकीतून ते इन्स्टॉल झालं नाही. मग त्यांनी टर्मिनल उघडलं आणि कमांड दिली. स्क्रीनवर भलीमोठी यादी आली आणि खाली इशारा आला, की तुम्ही काहीतरी घातक करणार आहात. तरीही पुढे जायचं असेल तर ‘येस, डू ॲज आय से!’ असं पूर्ण वाक्य टाइप करा.

त्यांनी ते टाइप केलं. काही क्षणांत डेस्कटॉपच गायब. उरली फक्त काळी स्क्रीन आणि पांढरी अक्षरं.

व्हायरस नव्हता, हॅकिंगही नव्हतं. कॉम्प्युटरने सांगितलेलं काम इमानदारीत केलं होतं. स्टीमला लागणाऱ्या लायब्ररीची आणि आधीपासून असलेल्या लायब्ररीची आवृत्ती तेव्हा जुळत नव्हती. स्टीम हवंच असेल तर डेस्कटॉप काढावा लागेल, असा हिशेब सिस्टीमने मांडला होता. तो हिशेब त्या लांबलचक यादीतच लिहिलेला होता.

हा विषय आत्ता का?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक प्रोसेसर त्याच्या अधिकृत यादीत बसत नाहीत. म्हणजे मशीन ठणठणीत आहे, पण नवं विंडोज अधिकृतपणे चढत नाही. नोंदणी केली तर आणखी काही काळ सुरक्षा अपडेट मिळतात, पण ती फक्त वाढीव मुदत आहे.

अशा वेळी लॅपटॉप भंगारात देण्यापेक्षा त्यावर उबंटू, मिंट किंवा डेबियन टाकायचा विचार बरेच जण करतात. इन्स्टॉल होतं, इंटरनेट चालतं, सगळं छान असतं. मग एखादं सॉफ्टवेअर टाकायला जावं तर समोर येतं ‘अनमेट डिपेंडन्सीज’. किंवा त्याहून गूढ असं ‘यू हॅव हेल्ड ब्रोकन पॅकेजेस’.

नव्या माणसाचा धीर सुटतो तो इथेच. एक तर तो विंडोजकडे परत जातो, नाहीतर नेटवर सापडेल ती कमांड चालवतो. यातली दुसरी गोष्ट जास्त महागात पडते.

डिपेंडन्सी म्हणजे नेमकं काय?

जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. वाड्यात दहा बिऱ्हाडं आणि विहीर एकच. प्रत्येकाने आपल्या दारात वेगळी विहीर खणलेली नाही, सगळे एकाच विहिरीचं पाणी भरतात.

लिनक्सवरची सॉफ्टवेअर अशीच राहतात. आवाज वाजवणं, फाइल दाबून लहान करणं, इंटरनेटवरची माहिती कुलूपबंद करणं ही कामं प्रत्येक सॉफ्टवेअर स्वतः लिहीत नाही. त्यासाठी सामायिक लायब्ररी असतात. ‘मला अमुक लायब्ररी, अमुक आवृत्तीपासून पुढची लागेल’ असं प्रत्येक पॅकेजवर लिहिलेलं असतं. ही गरज म्हणजे डिपेंडन्सी.

एकेकाळी ही यादी हाताने पुरी करावी लागायची. एक पॅकेज टाकायला जा, ते दुसरं मागणार, दुसरं तिसरं मागणार. याला वैतागून लोक ‘डिपेंडन्सी हेल’ म्हणायचे. १९९९ साली डेबियन २.१ सोबत ‘ॲप्ट’ आलं आणि हा शोध आपोआप व्हायला लागला. उबंटू, मिंट, पॉप ओएस हे सगळे याच कुळातले. आपल्या सीडॅकने तयार केलेलं ‘बॉस’ हे भारतीय लिनक्सही डेबियनवरच उभं आहे, त्यामुळे तिथेही संदेश असेच दिसतात.

म्हणजे एरर आली तर ॲप्ट इतकंच सांगत असतं, की तुम्ही मागितलेल्या गोष्टींचा मेळ मला बसवता येत नाहीये. मशीन बिघडलंय असा त्याचा अर्थ नाही.

मेळ का बसत नाही?

बहुतेक वेळा कारण या तिघांपैकी एक असतं.

पहिलं, यादी शिळी झालेली असते. कोणतं पॅकेज कुठे मिळतं याची यादी तुमच्या कॉम्प्युटरवर साठवलेली असते. ती जुनी असेल तर ॲप्ट आता नसलेली आवृत्ती शोधत बसतं. कधीकधी तुमचं लिनक्सच मुदत संपलेलं असतं. उबंटूच्या एलटीएस आवृत्तीला पाच वर्षं अपडेट मिळतात, मधल्या आवृत्त्यांना फक्त नऊ महिने. त्यानंतर त्यांची पॅकेजेस नेहमीच्या जागेवरून हलवली जातात.

दुसरं, पॅकेजचं नाव बदललेलं असतं. याचं ताजं उदाहरण भारी आहे. १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले, हे मोजून लिनक्स वेळ ठेवतं. जुन्या ३२ बिट पद्धतीत हा आकडा १९ जानेवारी २०३८ ला, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरणार आहे. त्यानंतर घड्याळ उलटं जाऊन १९०१ दाखवेल. हे टाळण्यासाठी डेबियन आणि उबंटूने २०२४ मध्ये शेकडो लायब्ररी नव्याने बांधल्या आणि त्यांच्या नावापुढे ‘टी६४’ जोडलं. म्हणूनच जुना लेख वाचून उबंटू २४.०४ वर ‘लिबअसाउंड२’ टाकायला गेलात तर असं काही इन्स्टॉल करता येत नाही, असं उत्तर येतं. गोष्ट तिथेच आहे, नाव झालंय ‘लिबअसाउंड२टी६४’.

तिसरं, बाहेरचं पॅकेज दुसऱ्याच आवृत्तीसाठी बनलेलं असतं. वेबसाइटवरून डाउनलोड केलेली ‘डेब’ फाइल उबंटू २०.०४ साठी असते आणि तुमच्याकडे असतं २२.०४. ती ‘लिबएसएसएल१.१’ मागते, पण २२.०४ मध्ये ओपनएसएसएलची ३ क्रमांकाची मालिका आलेली असते.

मग करायचं काय?

कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप मात्र इंग्रजी अक्षरांत करायच्या. क्रम महत्त्वाचा आहे.

१. आधी संदेश शांतपणे वाचा. कोण मागतंय, काय मागतंय, कितवी आवृत्ती मागतंय, हे सगळं त्यात असतं. ‘हेल्ड ब्रोकन पॅकेजेस’ या शब्दांनी घाबरू नका. बऱ्याचदा कुठलंच पॅकेज अडवून ठेवलेलं नसतं. खरंच आहे का ते ‘ॲप्ट-मार्क शोहोल्ड’ने कळतं.

२. ‘सुडो ॲप्ट अपडेट’ आणि मग ‘सुडो ॲप्ट अपग्रेड’. पहिली कमांड यादी ताजी करते, दुसरी पॅकेजेस. शिळ्या यादीचं दुखणं इथेच बरं होतं.

३. मागचं इन्स्टॉलेशन वीज गेल्यामुळे वगैरे अर्धवट राहिलं असेल तर ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’. त्यानंतर ‘सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’.

४. डाउनलोड केलेली डेब फाइल ‘डीपीकेजी’ने टाकू नका. ते डिपेंडन्सी शोधून आणत नाही, फक्त तक्रार करतं. त्याऐवजी फाइल असलेल्या फोल्डरमध्ये जा, ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल’ लिहा आणि फाइलच्या नावाआधी टिंब व तिरकी रेघ द्या. मग लागणारी पॅकेजेस ॲप्ट स्वतः आणतं.

५. तरीही अडलं तर ‘ॲप्ट पॉलिसी’ आणि पुढे पॅकेजचं नाव. कोणती आवृत्ती उपलब्ध आहे आणि ती कुठून येतेय, ते दिसतं. नाव बदललंय की पॅकेज परक्या ठिकाणचं आहे, याचा उलगडा इथे होतो.

६. शंका असेल तर इन्स्टॉलच्या कमांडला ‘--सिम्युलेट’ जोडा. प्रत्यक्षात काहीच बदलत नाही, काय होईल ते फक्त दिसतं. त्यात ‘रिमूव्ह’ होणाऱ्यांची यादी आधी वाचा. एक छोटं ॲप टाकताना चाळीस पॅकेजेस निघणार असतील तर तिथेच थांबा.

फेडोरावर ॲप्टऐवजी ‘डीएनएफ’ असतं, कमांड बदलतात, पण विचार हाच.

आणि काय करायचं नाही?

जबरदस्ती. ‘फोर्स’ शब्द असलेली कमांड कुणी सुचवली तर आधी हात मागे घ्या.

लिबएसएसएल१.१ चंच घ्या. जुन्या संग्रहातून ती फाइल उचलून बळेच टाका, हा सल्ला नेटवर जागोजागी सापडतो. एरर जाते, ॲप चालतं, माणूस खूश. पण ओपनएसएसएल १.१.१ चा सर्वसाधारण सपोर्ट ११ सप्टेंबर २०२३ लाच संपला. त्या जुन्या उबंटूसाठीची फाइल तुमच्या नव्या सिस्टीमवर आपोआप अपडेटही होत नाही. म्हणजे इंटरनेटवरचा व्यवहार सांभाळणारं कुलूप तुम्ही जुनं बसवलंत आणि ते बदलायला कुणी येणार नाही. त्यापेक्षा त्या ॲपची नवी आवृत्ती शोधणं कधीही बरं.

दुसरी चूक म्हणजे स्थिर सिस्टीमवर चाचणी शाखेची रेपॉझिटरी जोडणं. २९ मार्च २०२४ ला आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरने जगाला सावध केलं. एसएसएच लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय म्हणून त्यांनी शोध घेतला, तर ‘एक्सझेड’ या फाइल दाबणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये कुणीतरी चोरदरवाजा बसवलेला निघाला. एसएसएच थेट एक्सझेडवर अवलंबून नाही. पण काही लिनक्समध्ये ते सिस्टमडीच्या लायब्ररीशी जोडलेलं होतं आणि ती लायब्ररी एक्सझेडशी. त्या साखळीतून दरवाजा आत आला होता. या आवृत्त्या डेबियनच्या चाचणी शाखांपर्यंत पोहोचल्या होत्या, स्थिर शाखेपर्यंत नाही. विहिरीत पाणी कुठून येतंय हे बघावं लागतं, ते यासाठी.

फ्लॅटपॅक आणि स्नॅप वापरले की सुटलो?

बऱ्याच अंशी, हो. फ्लॅटपॅक, स्नॅप, ॲपइमेज यांत ॲप आपल्याला लागणाऱ्या बहुतेक गोष्टी वेगळ्या घेऊन येतं. म्हणजे प्रत्येक बिऱ्हाडाची आपली टाकी. भांडण संपतं, आणि डेस्कटॉप ॲपसाठी नव्या माणसाने आधी हाच मार्ग बघावा.

पण टाक्यांना जागा लागते. आणि पाणी खराब झालं तर विहीर एकदाच साफ होते, टाकी मात्र ज्याची त्याने साफ करावी लागते. ॲप बनवणारा आळशी असेल तर जुनी लायब्ररी आत तशीच पडून राहते.

शेवटी, त्या डेस्कटॉपचं काय?

स्टीमच्या त्या पॅकेजमधली गडबड दुरुस्त झाली. पुढे ॲप्टही बदललं. ते एक वाक्य टाइप करून अत्यावश्यक पॅकेज काढण्याची वाट बंद झाली, आता त्यासाठी मुद्दाम वेगळा पर्याय द्यावा लागतो.

तुमच्यावर असा प्रसंग आलाच तर एवढं लक्षात ठेवा. पॅकेज निघाल्याने होम फोल्डरमधले फोटो आणि कागदपत्रं जात नाहीत. उबंटू असेल तर काळ्या स्क्रीनवर लॉगिन करून ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल उबंटू-डेस्कटॉप’ दिलं की डेस्कटॉप बहुतेक वेळा परत येतो, इंटरनेट तेवढं चालू हवं.

पण तिथवर जाऊच नये यासाठी एकच सवय पुरते. एंटर दाबण्याआधी यादी वाचायची. सिस्टीम जेव्हा ‘नाही’ म्हणते, तेव्हा बहुतेक वेळा ती तुमचं बाकीचं घर सांभाळत असते.