धर्म सोडल्याचा कागद मिळतो, पण दारावरची थाप थांबते का?

2027 च्या जनगणनेत प्रगणक घरी येईल तेव्हा जातीसोबत धर्मही विचारेल. 'कोणताच नाही' असं सांगता येतं का? येतं. 2011 च्या जनगणनेत देशभरात सुमारे 28 लाख 70 हजार लोकांच्या नावापुढे 'धर्म नमूद नाही' अशीच नोंद झाली होती.

याबाबत आपल्याच राज्यातला एक निकाल महत्त्वाचा आहे. येशूला मानतो, पण धर्म कोणताच नाही, असं म्हणणाऱ्या काही जणांनी राजपत्रात, म्हणजे गॅझेटमध्ये तशी नोंद मागितली. शासकीय मुद्रणालयाने अर्ज फेटाळला. सप्टेंबर 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अर्जदारांच्या बाजूने निकाल दिला. घटनेच्या कलम 25 मध्ये धर्म न मानण्याचं स्वातंत्र्यही येतं आणि सरकार कुणावर धर्म सांगण्याची सक्ती करू शकत नाही, असं न्यायालयाने स्पष्ट केलं.

म्हणजे कागदाचा प्रश्न सुटला. गावातला प्रश्न मात्र वेगळाच असतो. जुन्या मंडळींच्या घरी चकरा सुरू होतात, रोज फोन येतात, व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडलं की पुन्हा ॲड करतात. ऐकलं नाही तर वाळीत टाकायची भाषा होते.

इथे एक फरक ओळखायला हवा. समजवायला येणं हा गुन्हा नाही. पण धमकी दिली तर भारतीय न्याय संहितेचं कलम 351 लागतं. स्पष्ट नकार दिल्यावरही एखादा पुरुष बाईच्या मागे लागून पुन्हा पुन्हा संपर्क करत असेल, तर कलम 78 आहे. वाळीत टाकलं तर 2016 चा सामाजिक बहिष्कार विरोधी कायदा आहे. त्यात 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पोलिसांनी दाद दिली नाही तर थेट मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं.

म्हणून पहिला नकार तोंडी नको, लेखी द्या. 'यापुढे या विषयावर संपर्क करू नये' एवढा एक मेसेज पुरे. तो जपून ठेवा, तारखेसकट. नंतर वाद घालत बसू नका, नंबर ब्लॉक करा. त्याआधी आलेल्या मेसेजचे स्क्रीनशॉट काढून ठेवा.

आणखी एक सावधगिरी. अनुसूचित जातीचा दाखला 1950 च्या आदेशानुसार हिंदू, शीख आणि बौद्धांनाच मिळतो. त्यामुळे गॅझेटचा अर्ज भरण्याआधी वकिलाला विचारा, नाहीतर पोराच्या शिष्यवृत्तीला अडचण यायची.

खरी अडचण कायद्यात कमी, गावात जास्त आहे. तक्रार भावकीवरच करायची, आणि उद्या पाणी, मजूर, सोयरीक त्यांच्याच हातात. म्हणून पोलीस पाटील आणि सरपंचांनी अशा घरामागे वेळेवर उभं राहायला हवं. वाळीत टाकल्यावर धावून जाण्यापेक्षा पहिल्या धमकीलाच चार माणसांत समज दिली, तर बरीच प्रकरणं पोलीस ठाण्यापर्यंत जाणारच नाहीत.