टेस्ट राइड घाटात घ्या

इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायला निघालेल्या तरुण मित्रांनो, आणि तिचे पैसे भरणाऱ्या आईवडिलांनो, शोरूममध्ये पहिला प्रश्न हल्ली एकच असतो: शून्य ते चाळीस किती सेकंदांत? एथरची 450 एक्स 3.3 सेकंदांत, तिचीच अपेक्स 2.9 मध्ये, ओलाची दुसऱ्या पिढीतली एस 1 प्रो 2.6 मध्ये. हे आकडे खरेच आहेत. पण हडपसरहून सासवडला रोज ये-जा करणाऱ्याला त्या अर्ध्या सेकंदाचा काय उपयोग? त्याची गाठ दिवे घाटाशी आहे.

शोरूमची टेस्ट राइड आठवून बघा. बॅटरी फुल, रस्ता सपाट, सीटवर तुम्ही एकटे, पाच मिनिटांचा फेरा. अशी कुठलीही गाडी पळते. माझ्या भाच्याने तेवढ्यावरच गाडी बुक केली. एप्रिलच्या दुपारी बायकोला मागे बसवून तो घाट चढत होता, बॅटरी अठरा टक्क्यांवर आलेली. निम्म्या चढावर गाडीचा दमच गेला आणि मागून ट्रकचे हॉर्न सुरू झाले. गाडी बिघडली नव्हती. मोटर तापली किंवा चार्ज खाली आला की सॉफ्टवेअर आपणहून ताकद कमी करते, आणि ते योग्यच आहे. पण हे त्याला घ्यायच्या आधी कोणी सांगितले नव्हते. जाहिरातीतले किलोवॅट ‘पीक’चे असतात, थोड्या वेळापुरते. सलग किती टिकते, तो ‘रेटेड’ आकडा मागून घ्या. आणि डबलसीट, चढावर, बॅटरी वीस टक्क्यांच्या आसपास असताना एक राइड हट्टाने मागा. जो डीलर नाहीच म्हणेल, त्याच्याकडे बुकिंगची घाई करू नका.

उतरतानाचीही एक गोष्ट सांगतो, कारण ती जिवावर बेतू शकते. अॅक्सिलरेटर सोडला की ही गाडी स्वतःच थोडी आवरते. मोटर उलट बॅटरी भरत असते. पण वर सासवडला शंभर टक्के चार्ज करून लगेच घाट उतरलात, तर भरलेल्या बॅटरीत ती वीज जायला जागाच नसते. रोज आवरणारी गाडी त्या दिवशी मोकळी सुटल्यासारखी धावते. तेव्हा ब्रेक मनासारखे लागतात का, हे मागे माणूस बसवूनच पाहा.

रेंजचे थोडक्यात. प्रमाणित रेंज प्रयोगशाळेत रोलरवर मोजतात. 2022 च्या 450 एक्सची प्रमाणित रेंज 146 किलोमीटर होती. रस्त्यावर 105 धरा, असे कंपनीनेच जाहीर केले होते. त्यातही 45 च्या वेगाला हवेचा जेवढा विरोध, त्याच्या चौपट 90 ला. वेगासाठी जास्त पैसे मोजलेत आणि त्याच वेगाने चालवलीत, तर अंतर कमी मिळणारच.

बॅटरीच्या वॉरंटीत फक्त वर्षे वाचू नका. क्षमता किती टक्क्यांखाली गेली तर बदलून मिळेल, हे लेखी घ्या.

आणि पैसे भरण्याआधी एका शनिवारी सकाळी त्या कंपनीच्या जवळच्या सर्व्हिस सेंटरच्या दारात अर्धा तास उभे राहा. गाडी घ्यायला आलेल्या चार जणांना विचारा, किती दिवस झाले टाकून?