फी माफ झाली, मेसचं काय?

तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०१ साली इंग्रज रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांना पत्र लिहून आपल्या छत्रांची बाजू मांडली. छत्रांत वाटसरूंना अन्न मिळे, आजाऱ्यांची काळजी घेतली जाई, आणि शिकणारी मुलं तिथंच जेवत. ओरतनाडचं मुक्तांबाळ छत्र त्यांतलं नावाजलेलं. कॉलेजच्या खर्चाचा विचार आईबापांनी याच पत्रापासून सुरू करावा, असं मला वाटतं.

१. पोरगं शिकायचं तर त्याच्या पोटाची सोय आधी, हे छत्रांत गृहीत होतं. आजची मदत मात्र फीभोवतीच फिरते. तमिळनाडूत घरातल्या पहिल्या पदवीधराला शिक्षणशुल्कात सवलत आहे. सरकारी शाळेत शिकून कॉलेजात गेलेल्या मुलींना 'पुदुमै पेण' योजनेतून २०२२ पासून महिना १,००० रुपये मिळतात, मुलांना २०२४ पासून 'तमिळ पुदल्वन'मधून तेवढेच. ही मदत मोलाची आहे, पण बाहेरगावी राहणाऱ्याची खोली आणि मेस त्यात भागत नाही.

२. म्हणून हिशेब खोली, जेवण आणि प्रवासापासून मांडा, फी शेवटी. शैक्षणिक कर्जात वसतिगृह, मेस, पुस्तकं धरता येतात, तरी बरेच पालक बँकेत फक्त फीचा आकडा सांगतात आणि उरलेल्यासाठी सावकाराकडे जातात.

३. कावेरीच्या पट्ट्यात खरी अडचण वेळेची आहे. मेट्टूर धरणाचं पाणी सुटतं जूनमध्ये. घरातला पैसा तेव्हा कुरुवै भाताच्या बियाण्यात, खतात, मजुरीत जातो, आणि त्याच सुमारास प्रवेशाची फी दारात उभी राहते. सांबा भाताचं पीक हाती येतं पोंगलच्या आगेमागे. त्या पैशातला कॉलेजचा वाटा तेव्हाच, सोनं किंवा लग्नकार्य सुचण्याआधी, सहा महिन्यांच्या ठेवीत टाका. मूल आठवीत असल्यापासून दरवर्षी टाका.

४. उत्पन्नाचा, जातीचा, पहिल्या पदवीधराचा दाखला कुठं आणि कसा मिळतो, ते दहावीच्या सुट्टीतच विचारून ठेवा. तमिळनाडूतल्या आपल्या मराठी घरांत एका कागदावर आडनाव, दुसऱ्यावर 'राव', तिसऱ्यावर नुसतं बापाच्या नावाचं आद्याक्षर असतं. ते आधी जुळवून घ्या.

५. आईबापांनी इतकं केल्यावर उरलेलं मागणं सरकारकडे आणि समाजाकडे आहे. शिष्यवृत्तीत मेसचा खर्च वेगळा धरा. आणि मराठी मंडळांनो, वार्षिक समारंभाच्या आधी गावाबाहेर शिकणाऱ्या निदान दोन मुलांच्या वर्षभराच्या जेवणाचे पैसे बाजूला काढा.