विश्लेषण : ग्रॅनाइटचे सुळकेही ढासळू लागले, गाईड शिखरावर नेण्यास नकार का देतात?

ग्रॅनाइट म्हणजे भरवशाचा दगड, असे गिर्यारोहक मानत आले. पण डिसेंबर २०२२ मध्ये कॅनडाच्या बगाबू पर्वतातील स्नोपॅच या ३,०८४ मीटर उंच सुळक्याच्या कड्याचा मोठा तुकडा सुटून खाली आला. हंगाम नसल्याने तिथे कोणी नव्हते. विल स्टॅनहोप याने काही उन्हाळे खर्ची घालून २०१५ मध्ये सर केलेली अतिकठीण वाट मात्र या पडझडीत गेली.

बगाबूत गाईड कशासाठी?

ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील हा भाग दुर्गम आहे. डांबरी सडक सोडल्यावर जंगलातला लांबलचक खडीचा रस्ता, मग सुमारे ७०० मीटरची चढण, तेव्हा कुठे कॉनराड केन हट येते. वाहनतळावर गाड्यांभोवती जाळी बांधावी लागते, कारण साळिंदरे ब्रेकचे रबरी पाइप कुरतडतात!

हटला ज्याचे नाव आहे तो केन मूळचा ऑस्ट्रियाचा गाईड. १९१६ मध्ये त्याने आपल्या ग्राहकांसह ३,२०४ मीटरचा बगाबू स्पायर प्रथम सर केला. त्याची वाट आजही या सुळक्यावरची सर्वात सोपी मानली जाते. अशा कातळावर एका गाईडमागे साधारण एक किंवा दोनच ग्राहक असतात. गाईड पुढे चढतो, भेगांमध्ये साधने अडकवून दोर सुरक्षित करतो आणि वरून ग्राहकाला सांभाळतो. पण वरून दगड सुटला, तर दोर काय करणार?

कातळ सुटतो कसा?

सह्याद्रीत दरड कोसळते तेव्हा मुरलेले पाणी दोषी असते. उंच पर्वतांत उलट, भेगांत गोठलेले पाणीच सिमेंटसारखे दगड धरून ठेवते. हे बर्फ पूर्ण वितळण्याचीही गरज नसते. त्याचे तापमान शून्याच्या जवळ सरकले की पकड सैल होऊ लागते. स्नोपॅचचा कडा मात्र ऐन हिवाळ्यात पडला. त्यामुळे त्या एका घटनेचे खापर थेट तापमानवाढीवर फोडणे घाईचे ठरेल. भेगांत शिरलेले पाणी गोठताना फुगते आणि दगड ढकलते, हेही कारण असू शकते.

आल्प्समधले चित्र अधिक स्पष्ट आहे. फ्रान्समधील ड्रू शिखराचा प्रसिद्ध बोनाटी स्तंभ २००५ मध्ये कोसळला. गास्तों रेब्युफा यांच्या १९७३ च्या पुस्तकातील माँ ब्लाँ परिसराच्या ९५ वाटा संशोधकांनी तपासल्या. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यातील ९३ वाटांवर हवामान बदलाचा परिणाम दिसला, तर तीन वाटा उरल्याच नाहीत.

नकार दिल्याने प्रश्न सुटतो का?

नाही. गाईडचा नकार फक्त त्याच्या दोराला बांधलेल्यांना लागू होतो. २०२२ च्या उन्हाळ्यात दगड कोसळू लागल्याने माँ ब्लाँच्या नेहमीच्या वाटेवर जाणे गाईडनी थांबवले, तरी काही जण स्वतःहून चढतच राहिले. वैतागलेल्या सेंट-जर्व्हे गावाच्या महापौरांनी मग प्रत्येकाकडून १५ हजार युरो अनामत घेण्याची कल्पना मांडली : १० हजार बचावकार्यासाठी आणि पाच हजार अंत्यविधीसाठी.

बगाबूत अडचण आहे ती बगाबू आणि स्नोपॅच यांच्यामधल्या खिंडीची. केनची वाट तिथूनच सुरू होते. पूर्वी बराच काळ बर्फाने झाकलेला हा उतार आता उन्हाळ्याच्या उत्तरार्धात उघडा पडतो आणि त्यावर सुटे दगड घरंगळत येतात. ईस्टपोस्ट, क्रेसेंटसारखे सुळके हटच्याच बाजूला असल्याने तिथे जाताना ही खिंड लागत नाही. बगाबूची ईशान्य धारही दुसऱ्या बाजूने गाठता येते. पण माथ्यावरून उतरायचे ते सहसा केनच्याच वाटेने आणि पुढे त्याच खिंडीतून, तेही दुपारी ऊन चढल्यावर.